बेसबॉलमध्ये पंच 'सेफ' की 'आऊट' कसे ठरवतात?

बेसबॉलमध्ये चेंडू टोलवल्यावर फलंदाज 90 फुटांवरच्या, म्हणजे सुमारे 27.4 मीटरवरच्या पहिल्या बेसकडे धावतो. त्याचा पाय बेसला लागण्याआधी बेसवरील क्षेत्ररक्षकाने चेंडू झेलला, तर तो 'आऊट', नाहीतर 'सेफ'. हा फरक अनेकदा सेकंदाच्या काही शतांशांचा असतो.

डोळे बेसवर, कान चेंडूकडे

पाय आणि चेंडू एकाच वेळी नीट पाहणे कठीण असते. त्यामुळे पंच नजर बेसवर ठेवतात आणि चेंडू ग्लोव्हमध्ये आदळल्याचा आवाज ऐकतात. आधी काय घडले, यावरून निर्णय ठरतो. मात्र क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू टिकला आहे, याची खात्री करूनच हात उंचावायचा असतो. धावपटूला चेंडूने स्पर्श करून बाद करायचे असेल, तेव्हा जवळ असण्यापेक्षा योग्य कोनात असणे महत्त्वाचे ठरते. ग्लोव्ह आणि धावपटू यांच्यातील फट दिसली पाहिजे.

दोघांची वाटणी

हौशी सामन्यांत बहुधा दोनच पंच असतात. एक होम प्लेटमागे उभा राहून स्ट्राइक आणि बॉल ठरवतो, दुसरा बेस सांभाळतो. बेसवर कोणी नसेल, तर दुसरा पंच पहिल्या बेसच्या मागे, रेषेबाहेर थांबतो. धावपटू असेल, तर तो मैदानाच्या आतल्या चौकोनात येतो. पहिल्या बेसवरचा धावपटू तिसऱ्या बेसकडे निघाला, तर प्लेटमागचा पंच तिकडे धावतो. अशा जबाबदाऱ्या चेंडू टाकण्यापूर्वीच खुणांनी पक्क्या केल्या जातात.

नियमानुसार निर्णय देणाऱ्या पंचाने विचारल्याशिवाय सहकाऱ्याने त्यात हस्तक्षेप करायचा नसतो. फलंदाजाने बॅट अर्धवट फिरवली का, हा प्रश्न मात्र प्लेटमागचा पंच सहकाऱ्याला विचारू शकतो.

एका निर्णयाची किंमत

2 जून 2010 रोजी डेट्रॉइट टायगर्सचा पिचर अर्मांडो गलारागा याने क्लीव्हलंडचे सलग 26 फलंदाज बाद केले होते. आणखी एक बाद झाला असता, तर तो अत्यंत दुर्मीळ असा 'परफेक्ट गेम' ठरला असता. सत्ताविसावा फलंदाज जेसन डोनाल्ड याला पहिल्या बेसवरील अनुभवी पंच जिम जॉयस यांनी सेफ दिले. चित्रफितीत तो स्पष्ट आऊट होता. त्या वेळी व्हिडिओची मदत फक्त होमरनसंबंधी निर्णयांसाठी मिळत असे. जॉयस यांनी सामन्यानंतर चूक मान्य करून गलारागाची माफी मागितली. निकालाची नोंद मात्र बदलली नाही.

मेजर लीगमध्ये 2014 पासून बेसवरचे सेफ-आऊटचे निर्णयही व्हिडिओवर तपासता येतात. जिथे कॅमेरे नाहीत, तिथे आजही पंचाची जागा, नजर आणि सहकाऱ्याशी असलेला ताळमेळ यांवरच निर्णय अवलंबून असतो.