घोड्याची चाल आणि शब्दांची वाट

सातवीच्या वर्गात इंग्रजीचा धडा चालू होता. त्यात ‘कँटर’ हा शब्द आला. अर्थ विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, वो तो गाडी है. धान भरके राइस मिल को जाती.” वर्ग हसला. खरे म्हणजे मुलाचे फारसे चुकले नव्हते. मित्सुबिशी कंपनीने १९६३ मध्ये ‘कँटर’ नावाचा लहान ट्रक बाजारात आणला. १९८० च्या दशकात आयशर कंपनी तो भारतात बनवू लागली. पुढे त्या मापाच्या कोणत्याही ट्रकला लोक कँटर म्हणू लागले. पण धड्यातला कँटर ही गाडी नव्हती, घोड्याची चाल होती.

घोडा रमतगमत चालतो तेव्हा त्याच्या टापांचे चार ठोके ऐकू येतात. दुडकीत दोन पडतात. कँटरमध्ये तीन पडतात, आणि भरधाव सुटला की पुन्हा चार, पण इतके झपाट्याने की मोजता येत नाहीत. कँटर ही दुडकी आणि भरधाव यांच्या मधली, न दमवणारी चाल. हे नाव एका गावावरून पडले. इंग्लंडमधील कँटरबरी येथे ११७० मध्ये थॉमस बेकेट या धर्मगुरूची हत्या झाली आणि त्यांच्या कबरीवर यात्रेकरूंची रीघ लागली. हे यात्रेकरू ज्या बेताच्या गतीने घोडे हाकीत तिला पुढे ‘कँटरबरी गॅलप’ म्हटले गेले आणि त्याचेच आखूड रूप कँटर झाले. नागपूरच्या ताजबागेत उरुसाला जाणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. जियारतीच्या वाटेवर माणूस ना रेंगाळतो, ना उधळतो.

मुलांना प्रतिशब्द द्यावा म्हणून मी कोश उघडले. उर्दूत दुलकी, पोया आणि सरपट असा चढता क्रम सापडला. पोया म्हणजे कँटर. मराठीत दुडकी आहे, भरधाव आहे, पण कँटरसाठी ‘मंद दौड’ असे दोन शब्द जोडावे लागतात. उर्दू हे नावच मुळात तुर्की, ‘ओर्दू’ म्हणजे लष्करी छावणी. तेव्हा छावणीवाल्यांकडे घोड्याचे शब्द काय असतील, या कुतूहलाने तुर्कीही पाहिली. तिथे दुडकीला ‘तिरिस’, कँटरला ‘एश्किन’ आणि भरधाव दौडीला ‘दोर्तनाल’ म्हणतात. ‘दोर्त’ म्हणजे चार आणि ‘नाल’ म्हणजे आपला नालच. घोडा चार नालांवर सुटला, असा त्याचा अर्थ. आपण मराठीत काय म्हणतो? घोडा चौखूर उधळला!

दुसऱ्या एका तुर्की शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. तो शब्द ‘इल्गार’. घोड्याची भरधाव दौड आणि शत्रूच्या मुलखात घोडदळाने मारलेली धडक, असे त्याचे दोन अर्थ. फारसीतून तो उर्दूत ‘यलगार’ म्हणून आला आणि मराठीत ‘एल्गार’ झाला. सुरेश भटांनी १९८३ मधील आपल्या संग्रहाला हेच नाव दिले. आज शेतकऱ्यांच्या मोर्चापासून प्रत्येक पक्षाच्या सभेपर्यंत एल्गार पुकारला जातो. पुकारणाऱ्याला त्यात टापांचा आवाज ऐकू येत नाही इतकेच.

हे शब्द आपल्या मुलखात आले ते घोड्यांसोबत आणि घोडे सांभाळणाऱ्या माणसांसोबत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने इस्लाम स्वीकारला होता. त्याचा पठाण सरदार राजा खान याने सुमारे १७०० साली तुमसर तालुक्यातला अंबागड किल्ला बांधला. पुढे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. त्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोन्ही नावे फारसी. १७४२ पासून भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली हे घोडदळ बंगालवर गेले. मूळचा इराणी असलेला मीर हबीब तिथे त्यांना येऊन मिळाला. १७५१ च्या तहाने अलिवर्दी खानाला कटक प्रांत सोडावा लागला आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल करावी लागली. बंगाली भाषेत बारगीरचे ‘बर्गी’ झाले आणि आया त्या नावाने मुलांना भीती घालू लागल्या. त्या लुटीत बंगालचे हिंदूही भरडले गेले आणि मुसलमानही. शब्द असा सगळा इतिहास पाठीवर घेऊन चालतो, चांगला आणि वाईटही.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्यकर्त्याची ती रास्त गरज होती. तरीही जीन, लगाम, रिकीब, खोगीर आणि नाल तबेल्यातून हलले नाहीत. दरबारातली भाषा हुकुमाने बदलू शकते. मोतद्दाराची भाषा रोज पहाटे घोड्याला चंदी घालताना घडते.

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना वाटते की मराठी ही दुसऱ्यांची भाषा, केवळ पास होण्यापुरती. शेजारच्या शाळेतल्या मुलांना वाटते की उर्दू परकी. अशा वेळी ‘हे शब्द आम्ही दिले’ असे छाती फुगवून सांगण्याचा मोह मलाही होतो. पण ते खरे नाही. नाल तुर्कांनी अरबांकडून घेतला. दुलकी आणि दुडकी याच मातीतल्या बहिणी. आणि दोर्तनाल व चौखूर? हे कोणी कोणाकडून घेतलेच नाहीत. एकाने लोखंडी नाल पाहिला, दुसऱ्याने खूर पाहिला. घोडा मात्र तोच होता. कोश शब्दाचा जन्म सांगतो, मालक सांगत नाही. शब्द त्याचा, ज्याला तो कामाच्या वेळी आठवतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी चार रकाने आखले: इंग्रजी, उर्दू, मराठी, तुर्की. बाकावर बोटे वाजवून मुलांनी दोन ठोके, तीन ठोके, चार ठोके मोजले. मराठीच्या रकान्यात कँटरसमोरची जागा मी रिकामी ठेवली होती. मागच्या बाकावरचा तोच मुलगा उठला, खडू घेतला आणि तिथे लिहिले, ‘कँटर’. मी ते पुसले नाही.