वर्तुळाचा परीघ कसा काढायचा? फोन, सुतळी आणि पापडीची विहीर

दहावी झाली की वर्तुळाचं सूत्र आपण वहीबरोबर रद्दीत देऊन टाकतो. मग एक दिवस कुणीतरी विचारतं, "विहिरीला गोल जाळी लावायचीय, किती मीटर आणू?" वसईजवळ पापडीला मामांच्या वाडीत मला हेच विचारलं गेलं. पाऊस आठ दिवसांवर आलेला, विहिरीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा आणि घरात नुकतंच चालायला लागलेलं पोर. मी रुबाबात फोन काढला, हिशेब केला, जाळी आणली. ती जवळपास सहा फूट कमी पडली.

चूक कुठे झाली ते सांगतो, पण आधी सूत्र. वर्तुळाच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारली तर जेवढं अंतर होईल तो परीघ. केंद्रातून जाणारी, एका काठापासून समोरच्या काठापर्यंतची रेघ म्हणजे व्यास.

परीघ = π × व्यास

त्रिज्या माहीत असेल तर ती आधी दुप्पट करा, की झाला व्यास. π (पाय) चं बटण बऱ्याच फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये लपलेलं असतं. फोन आडवा धरा, म्हणजे सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडतो. नाही उघडला तर ऑटो रोटेट बंद आहे का ते बघा.

आता माझी चूक. मी विहिरीचा आतला व्यास मोजला होता, ३ मीटर. त्याचा परीघ ९.४२ मीटर, म्हणून साडेनऊ मीटर जाळी घेतली. पण जाळी लागणार होती कठड्याच्या बाहेरून! कठडा ३० सेंटीमीटर जाड, तोही दोन्ही बाजूंना. म्हणजे खरा व्यास ३.६ मीटर आणि परीघ ११.३१ मीटर. सूत्र बरोबर, बटण बरोबर, वर्तुळच चुकीचं. मोजण्याआधी "मला नेमकं कुठलं वर्तुळ हवंय?" हे ठरवा. टाकी, पाइप, कुंडी, सगळीकडे हा घोळ होतो.

दुसरी गंमत व्यास मोजताना. टेप केंद्रातून गेला नाही तर तुम्ही व्यास नाही, जीवा मोजताय, आणि ती व्यासापेक्षा नेहमी लहानच भरते. म्हणून एक टोक घट्ट धरा, दुसरं समोरच्या काठावर थोडं इकडेतिकडे सरकवा. सगळ्यात मोठा आकडा आला तो व्यास. (विहिरीवर वाकून हे एकट्याने करू नका, प्लीज.)

कॅमेऱ्याने मोजणारी ॲप्स? आयफोनमध्ये मेझर नावाचं ॲप असतंच. गुगलचं अँड्रॉइडवरचं त्याच नावाचं ॲप २०२१ मध्ये बंद झालं. अंदाजाला ही ॲप्स ठीक आहेत. पण व्यासात ५ सेंटीमीटर चुकले तर परिघात जवळपास १६ सेंटीमीटर चुकतात, कारण चूकसुद्धा π ने गुणली जाते.

याउलट "२२/७ घ्यायचं की ३.१४?" हा वाद अगदीच फुकटचा. ३ मीटरच्या विहिरीला दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी खऱ्या परिघापासून पडणारा फरक ५ मिलिमीटरच्या आत आहे. आणि हो, दोघांत २२/७ हेच खऱ्या किमतीच्या किंचित जवळ आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त दोन्ही सोयी ठेवल्यात: बारीक कामाला ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६, आणि रोजच्या व्यवहाराला २२/७. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे, १२०७ सालचा. म्हणजे हे गणित आपल्या घरचंच.

मामांनी शेवटी काय केलं? सुतळी घेतली, कठड्याला बाहेरून गुंडाळली, टोक जिथे भेटलं तिथे गाठ मारली आणि सुतळी जमिनीवर टेपने मोजली. कडेला हात पोचत असेल तर हीच पद्धत सगळ्यात भारी. नायलॉनची दोरी टाळा, ती ताणली जाते. जाळीची टोकं एकमेकांवर यावीत म्हणून वीतभर जास्त धरा.

सुतळीचा उलटा उपयोगही आहे. झाडाच्या खोडाचा व्यास आरपार कसा मोजणार? घेर मोजा आणि π ने भागा.

सायकलच्या स्पीडोमीटरमध्ये चाकाचा परीघ मिलिमीटरमध्ये भरावा लागतो. तिथे टायरवर खडूची खूण करा, सायकलवर बसून चाक एक पूर्ण फेरी पुढे न्या आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. ७००×२५ टायरला हा आकडा २१०५ च्या आसपास येतो. बसून मोजायचं, कारण वजनाने टायर दबतो.

आणि वसईतलं बावखल किंवा पापडीचा तलाव? ते काही कंपासने काढलेले नाहीत, तिथे π चालत नाही. गुगल मॅप्समध्ये सॅटेलाइट व्ह्यू लावा, काठावर बोट दाबून पिन टाका, 'अंतर मोजा' निवडा आणि काठाकाठाने पॉइंट जोडत परत पहिल्या जागी या. पॉइंट जवळजवळ टाका. दोन पॉइंटमध्ये ॲप सरळ रेघ मारतं, त्यामुळे वळणदार काठ नेहमी थोडा कमीच भरतो.