पिंजऱ्यातले दाणे

काही वर्षांपूर्वीची दिवाळी. माझा भाचा तेव्हा दहा वर्षांचा. त्याला टाइप वन मधुमेह; म्हणजे रोज इन्सुलिनची इंजेक्शने. फराळाच्या वेळी त्याची साखर मोजली, तर यंत्रावर आकडा ३२०. मी सगळ्यांसमोर विचारले, ‘‘खरं सांग, काय खाल्लंस?’’ तो म्हणाला, ‘‘काही नाही, मामा.’’ तिसऱ्यांदा विचारल्यावर तो रडला आणि एका करंजीची कबुली दिली. मला वाटले, मी कर्तव्य केले.

पुढे मधुमेहाचा इतिहास वाचताना हाच प्रसंग मला न्यूयॉर्कमध्ये भेटला.

इन्सुलिन येण्यापूर्वी हा आजार जडलेले मूल बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावत असे. रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी उपासाचा उपचार सुरू केला. लघवीतली साखर जाईपर्यंत उपास, मग तोलूनमापून जेमतेम अन्न. साखर पुन्हा दिसली की पुन्हा उपास. अ‍ॅलन निर्दय नव्हते. त्या काळी हाती दुसरा उपाय नव्हता आणि या उपचाराने आयुष्य थोडे लांबतही असे. पण त्यामुळे लघवीची तपासणी मुलाविरुद्धची साक्ष होऊन बसली.

अ‍ॅलन यांच्या १९१९ सालच्या ग्रंथात बारा वर्षांच्या एका दृष्टिहीन मुलाची हकिगत आहे. त्याला वेगळ्या खोलीत ठेवले होते. तरी साखर दिसतच होती. शेवटी उलगडा झाला, की तो दात घासायची पेस्ट खात होता. मागून घेतलेल्या कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणेही खात होता. पुष्कळदा नाकारल्यावर त्याने ही कबुली दिली. तो मुलगा अखेर उपासमारीने गेला.

अ‍ॅलन यांचीच दुसरी रुग्ण एलिझाबेथ ह्यूज. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज १९२१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी, तिला मधुमेह असल्याचे कळले. तीन वर्षे तिने तो उपास काटेकोर पाळला. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ तिथे डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे पोचली, तेव्हा पाच फूट उंचीच्या या मुलीचे वजन वीस किलोच्या आसपास होते. तिला चालवतही नव्हते. इन्सुलिन सुरू झाले आणि तिची आईला लिहिलेली पत्रे खाण्याच्या आनंदाने भरून गेली.

ती १९८१ पर्यंत जगली. लग्न झाले, तीन मुले झाली. सुमारे ४२,००० इंजेक्शने तिने घेतली. गोष्ट इथे सुखान्त होते, असे आपण म्हणतो. पण मोठेपणी तिने आपल्या आजाराची बहुतेक कागदपत्रे नष्ट केली. वडिलांच्या संग्रहातूनही मधुमेहाचे उल्लेख काढून टाकले. इतिहासकार मायकेल ब्लिस १९८० च्या सुमारास तिच्यापर्यंत पोचले, तेव्हा साठ वर्षे जपलेले हे मौन थोडे सुटले. आईला लिहिलेली पत्रे मात्र उरली होती.

शरीर इन्सुलिनने सावरले. मनाला मात्र एवढे सोपे औषध नव्हते. अन्न म्हणजे गुन्हा, तपासणी म्हणजे साक्षीदार आणि आजार म्हणजे लपवायची गोष्ट, हे मूल एकदा शिकले की विसरत नाही. मला त्या मौनात हेच दिसते. आज बालमधुमेहात मनाची काळजी हा उपचाराचाच भाग मानला जातो, तो याचसाठी. शिवाय साखर केवळ करंजीने वाढत नाही. ताप, वाढीचे वय, मनावरचा ताण, इन्सुलिनची चुकलेली मात्रा, अशी अनेक कारणे असतात.

भाच्याची मी नंतर माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘मामा, तेव्हा आकडा दाखवायचीच भीती वाटायची.’’ आताही कधी आकडा चढतो. आता मी एवढेच विचारतो, ‘‘बरं, इन्सुलिन किती घ्यायचं?’’ आणि तो काय खाल्ले, ते आपणहून सांगतो.