पाच बोटे आणि एक कोडी

पनवेलच्या बाजारात आज आंबा डझनाने मिळतो आणि तांदूळ किलोने. परंतु लहानपणी आजीचे बोट धरून ज्यांनी बाजार केला आहे, त्यांच्या कानांत एक निराळा हिशेब अजून घुमत असेल. ‘दोन विसा दहा’ म्हणजे पन्नास, ‘तीन विसा’ म्हणजे साठ. कापडचोपड आणि बांबू यांची मोजदाद कोडीने, म्हणजे पुन्हा विसांनीच. शाळेत दहादहांनी मोजायला शिकलेले आम्ही या हिशेबाला हसत असू. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. हातांची दहा बोटे आणि पायांची दहा. माणूस संपला की वीस संपले. सुधारलेला फ्रेंच माणूसदेखील ऐंशीला आजतागायत ‘चार वीस’ असेच म्हणतो.

अंगावरून आकडा मोजण्याची ही खोड माणसाला फार जुनी आहे. तिचा सर्वांत लांबवर पसरलेला पुरावा समुद्रावर सापडतो. आपली खाडी ज्या समुद्राला मिळते, त्याच्या पार आफ्रिकेच्या अंगाला मादागास्कर बेट आहे. तेथे पाचाला ‘दिमी’ म्हणतात. मलायात आणि फिलिपाइन्समध्ये पाच म्हणजे ‘लिमा’, फिजीत ‘लिमा’, न्यूझीलंडच्या माओरी लोकांत ‘रिमा’. हवाई आणि सामोआ बेटांत तर ‘लिमा’ म्हणजे पाच आणि ‘लिमा’ म्हणजेच हात. मलायी माणूस आज हाताला ‘तांगान’ म्हणतो. पाचाच्या आकड्यात आपला जुना हात दडलेला आहे याची त्याला दादही नाही. मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत जवळजवळ अर्ध्या पृथ्वीचा प्रवास होतो, आणि तेवढ्या टापूत हा एक शब्द उच्चाराची थोडी मोडतोड सोशीत टिकून राहिला आहे. फ्रेडरिक द हाउटमन या डच खलाशाने 1603 साली मलायी आणि मालागासी शब्दांचे पुस्तक छापले. पुढे 1708 मध्ये रेलांड नावाच्या डच पंडिताने पॅसिफिकमधील बेटांवर टिपून आणलेले शब्द त्यांच्याशी ताडून पाहिले, आणि हे सारे दर्यावर्दी एका कुळातले असावेत हा विचार पुढे आला.

आपल्याकडे हीच गोष्ट उलट्या दिशेने घडली. संस्कृत ‘पञ्च’ आणि फारसी ‘पंज’ सख्खी भावंडे. फारसीत पंजावरून ‘पंजा’ झाला आणि तो मराठीत येऊन बसला. तेव्हा हवाई बेटात हाताचा पाच झाला, तर आपल्या घरी पाचाचा हात झाला.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कारण शब्दांचे साम्य दिसले की आपल्या मंडळींचा हात लगेच संस्कृतकडे जातो. मलायी भाषेत दोनाला ‘दुआ’ म्हणतात. संस्कृत ‘द्वि’ आणि हिंदी ‘दो’ मनात येऊन कोणालाही मोह पडावा! सामान्य माणसाचे सोडा, फ्रान्झ बॉप या तुलनात्मक भाषाशास्त्राच्या आद्य पुरुषालाही तो आवरला नाही. 1841 मध्ये त्याने मलायी आणि पॉलिनेशियन भाषा संस्कृतच्या वंशात बसविण्याचा खटाटोप केला आणि तो साफ फसला. एक ‘दुआ’ जुळतो. तीन, चार, पाच काही केल्या जुळत नाहीत. खरे संस्कृत मलायात गेले ते मोठ्या आकड्यांत. ‘लक्ष’ तेथे ‘लक्सा’ झाला, पण त्याची किंमत उतरून दहा हजारांवर आली. उलट ‘अयुत’ म्हणजे दहा हजार. त्याचा ‘जुता’ होऊन तो दहा लाखांवर चढला. व्यापारी आणि पंडित यांच्याबरोबर मोठे आकडे परदेशी जातात. एक ते दहा हे मात्र आई मुलाला बोटे मोडून शिकवते, म्हणून ते सहसा घर सोडीत नाहीत. कूळ ओळखायचे तर म्हणून तेच पाहावेत.

या कसोटीने पाहिले तर आपल्याच राज्यात एक मोठे आश्चर्य आहे, आणि ते अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात आहे. तेथील कोरकू लोक दोन, तीन, चार यांना ‘बारी, आफई, उफून’ म्हणतात. मराठीशी किंवा गोंडीशी याचा काही संबंध नाही. झारखंडकडील संथाली लोक मात्र ‘बार, पे, पोन’ म्हणतात, आणि दहाला दोघेही ‘गेल’ म्हणतात. आणखी पूर्वेस जावे. कंबोडियात तीन म्हणजे ‘बे’ आणि चार म्हणजे ‘बुओन’. व्हिएतनाममध्ये ‘बा’ आणि ‘बोन’. ग्रीअर्सनच्या भाषा-पाहणीचा मुंडा आणि द्राविड भाषांचा खंड 1906 साली निघाला, आणि त्याच वर्षी श्मिट या पंडिताने या कुळाला ‘ऑस्ट्रोएशियाटिक’ असे नाव दिले. हे कूळ आणि ‘लिमा’वाल्यांचे कूळ मुळात एकच, असेही त्याने सुचविले, ते अद्याप सिद्ध झालेले नाही. परंतु मेळघाट आणि मेकाँग यांचे नाते पक्के आहे.

आता आजीच्या कोडीकडे वळू. ज्यां प्रझिलुस्की या फ्रेंच पंडिताचे म्हणणे असे की, कोडी हा शब्द आणि विसांनी मोजण्याची रीत आपण मुंडा बोलणाऱ्या लोकांकडून उचलली. या मताला विरोध आहे, आणि कोडीची व्युत्पत्ती निर्विवाद नाही हे आम्ही आधीच कबूल करतो. तथापि भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे 1150 साली, वीस कवड्यांची एक काकिणी आणि चार काकिणींचा एक पण, असे कोष्टक आहे. बंगालच्या जुन्या हिशेबात चार कवड्यांचा गंडा आणि वीस गंड्यांचा पण. कसेही मोजा, पण ऐंशी कवड्यांचाच. दशमानाचा जगाला अभिमानाने दाखला देणारे आपण, आपल्याच ग्रंथातले हे चार आणि वीस मात्र मुकाट्याने ओलांडून जातो. ज्यांना आपण रानटी म्हटले त्यांच्याकडून बाजाराचा हिशेब शिकलो असू, ही शक्यता तरी तोंडाने उच्चारायला काय हरकत आहे?

2011 च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात भरले. त्यांतले बहुतेक मध्य प्रदेशात आणि मेळघाटात आहेत. दहाच्या पुढचे आकडे ते बहुधा हिंदी-मराठीतूनच म्हणतात, आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या तोंडून दहाच्या आतलेही कमी होत आहेत. आपल्यापैकी कोणी उन्हाळ्यात चिखलदऱ्यास हवापालटासाठी जातील. तेथील बाजारात एखाद्या कोरकू म्हातारीला तिच्या बोलीत चारापर्यंत मोजायला सांगावे. ती प्रथम लाजेल आणि मराठीतच मोजेल. पुन्हा विचारावे.