परवान्यापासून प्रमाणपत्रापर्यंत : कॅनडातील ‘कॅन्डो’ या संस्थेचे मूल्यमापन
#इतिहास #थ्रेड

१/
धान्य स्वतः पिकवलेले, बैलगाडी स्वतःची, बाजारही फार दूर नाही. तरीही सरकारी एजंटाच्या सहीचा कागद नसेल तर ते धान्य विकण्याची मुभा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या प्रेअरी मैदानांवरील मूलनिवासी शेतकऱ्यांची ही अवस्था होती. शंभर वर्षांनी, १९९० साली, याच मूलनिवासी समाजांतील लोकांनी स्वतःचे प्रमाणपत्र देणारी संस्था स्थापन केली. तिने काय साधले आणि काय तिच्या आवाक्याबाहेर राहिले, याचा हा आढावा.

२/
आधी पार्श्वभूमी. १८७६ च्या ‘इंडियन ॲक्ट’ने मूलनिवासींची जमीन, पैसा आणि कारभार सरकारच्या पालकत्वाखाली आणला. १८८१ मध्ये प्रेअरी प्रदेशातील मूलनिवासींच्या शेतमालाच्या विक्रीवर परवान्याची अट आली. १८८५ च्या उठावानंतर तर राखीव क्षेत्राबाहेर पाऊल टाकण्यासाठीही पास लागू लागला. या पासला कायद्याचा कोणताही आधार नव्हता. तरीही तो अनेक दशके चालू राहिला.

३/
१८८९ मध्ये आयुक्त हेटर रीड यांनी आणखी एक धोरण पुढे रेटले. मूलनिवासींनी लहान तुकड्यांवर, विळा आणि दाताळ्यासारख्या हाती अवजारांनीच शेती करावी, यंत्रे वापरू नयेत! शेजारचे गोरे वसाहतकार मात्र यंत्रांनी कापणी करत होते. मूलनिवासींना शेती जमली नाही, हा समज त्यानंतर रूढ झाला. इतिहासकार सारा कार्टर यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात त्याचे साधार खंडन केले. शेतकरी अपयशी ठरले नव्हते. त्यांची शेती धोरणाने मोडली होती.

४/
१९२७ ते १९५१ या काळात सरकारी परवानगीविना जमिनीच्या दाव्यांसाठी वर्गणी गोळा करणे हाही गुन्हा होता. परिणामी दोन-तीन पिढ्यांना आपला आर्थिक कारभार आपण चालवण्याचा अनुभवच मिळाला नाही. १९६० च्या दशकात एजंट गेले; पण हिशेब, करार, कर्ज, नियोजन ही कामे सांभाळणारी माणसे एका रात्रीत कुठून येणार?

५/
१९८९ मध्ये संघराज्य सरकारने मूलनिवासींच्या आर्थिक विकासाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. तिच्या निधीतून ठिकठिकाणच्या समाजांनी आर्थिक विकास अधिकारी नेमले. या एकाच व्यक्तीने उद्योगाचा आराखडा करायचा, बँकेशी बोलायचे, खाणकंपनीशी वाटाघाटी करायच्या आणि गावातील ज्येष्ठांनाही विश्वासात घ्यायचे. इतक्या निरनिराळ्या कामांची तयारी करून घेणार कोण, हा प्रश्न उरलाच.

६/
त्याचे उत्तर म्हणून १९९० मध्ये ‘कौन्सिल फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ नेटिव्ह डेव्हलपमेंट ऑफिसर्स’, म्हणजेच ‘कॅन्डो’, स्थापन झाली. तिचे केंद्र अल्बर्टा प्रांतातील एडमंटन परिसरात. हे अधिकारीच तिचे सभासद आणि नियंत्रण मूलनिवासींच्या हाती. कोणता अधिकारी पात्र, हे ठरवण्याचा अधिकार प्रथमच त्याच्या समव्यवसायी बांधवांकडे आला.

७/
प्रमाणपत्राच्या पायऱ्या दोन : ‘टेक्निशियन’ आणि ‘प्रोफेशनल’. संस्थेने स्वतःचे महाविद्यालय काढले नाही. विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता दिली. पहिल्या पायरीवर शिक्षणाला महत्त्व, तर दुसरीवर प्रत्यक्ष कामाचा अनुभवही जमेस धरला जातो. १९९९ पासून संस्थेने मूलनिवासी आर्थिक विकासाला वाहिलेले नियतकालिकही चालवले. विखुरलेल्या अनुभवाला त्यातून लिखित परंपरा लाभली.

८/
आता मूल्यमापन. किती जणांना प्रमाणपत्र मिळाले, ही मोजणी सोपी. त्यामुळे समाजाचे जीवन किती सुधारले, हे सांगणे कठीण. ज्या राष्ट्रीय योजनेच्या पाठोपाठ कॅन्डो उदयाला आली, तिचीच १९९३ मध्ये महालेखापरीक्षकांनी झडती घेतली. योजनेची उद्दिष्टे कितपत साध्य झाली, हे संबंधित खात्यांना दाखवता आले नाही. मग एका लहान संस्थेकडून नेमक्या आकड्यांचा पुरावा मागणे कितपत न्याय्य?

९/
दुसरी मर्यादा कायद्याची. इंडियन ॲक्टच्या कलम ८९ नुसार राखीव क्षेत्रातील मूलनिवासींची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला किंवा बँकेला सहसा तारण घेता येत नाही. जमीन हातची जाऊ नये म्हणून हे संरक्षण. पण त्यामुळेच कर्जाची वाटही अडते. अधिकारी कितीही प्रशिक्षित असो, हे कलम त्याच्या प्रमाणपत्राने बदलत नाही.

१०/
एक उदाहरण. केप ब्रेटन बेटावरील मेंबरटू येथील मिगमाक समाजाला १९१६ च्या न्यायालयीन आदेशाने आपली जागा सोडावी लागली. १९९० च्या दशकात हाच समाज तुटीत होता. पुढे त्याने कारभार शिस्तीत आणला, २००२ मध्ये आयएसओ ९००१ मानांकन मिळवले आणि २०२१ मध्ये पूर्ण झालेल्या ‘क्लिअरवॉटर’ या बलाढ्य मत्स्यकंपनीच्या खरेदीत मिगमाक समाजांचे नेतृत्व केले. या यशामागे नेतृत्व, न्यायालयाने मान्य केलेले मासेमारीचे हक्क आणि कुशल कारभार असे सारेच आहे. त्याचे श्रेय कोणत्याही एका प्रशिक्षणसंस्थेला देणे इतिहासाला धरून होणार नाही.

११/
तिसरा प्रश्न स्वायत्ततेचा. कॅन्डोच्या कामाला संघराज्य सरकारच्या निधीचा आधार राहिला. ज्या शासनाने पूर्वी परवाने दिले, त्याच्याच पैशावर स्वावलंबनाचे शिक्षण! हा विरोधाभास खरा आहे. पण मूलनिवासींची अर्थव्यवस्था ज्या सत्तेने खिळखिळी केली, तिने पुनर्बांधणीचा खर्च उचलणे याला उपकार म्हणता येत नाही; ते देणे आहे.

१२/
म्हणून कॅन्डोची योग्य कसोटी एकच : पात्रता ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो कोणाकडे आला? या कसोटीवर तिचे काम निःसंशय मोलाचे ठरते. दारिद्र्य संपवणे हे एकट्या संस्थेचे काम नव्हते. ते तिच्या कुवतीबाहेरचेही होते. प्रेअरीतील शेतमालाच्या परवान्याची कलमे कधीचीच निष्प्रभ झाली होती, तरी ती कायद्यातून अधिकृतपणे वगळली गेली २०१४ मध्ये. मूलनिवासींनी आपले प्रमाणपत्र देणारी संस्था त्यापूर्वी चोवीस वर्षे उभारली होती.

(समाप्त)