कंदील की विजेरी?

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. निरोप पोचवायला परवानाधारक हौशी रेडिओचालक, म्हणजे 'हॅम', मदतीला आले. अशा वेळी अँटेना कोणता निवडावा? लहरी एकाच दिशेला पाठवाव्यात की सगळीकडे?

एकदिश अँटेना आपल्या ओळखीचा आहे: एकेकाळी छपराछपरावर दिसणारा टीव्हीचा अँटेना. जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातील उदा आणि यागी यांनी १९२६ साली तो मांडला. तो शक्ती निर्माण करत नाही. विजेरीच्या परावर्तकाप्रमाणे आहे तीच एकवटतो. सर्वदिश अँटेना मात्र कंदिलासारखा.

लातूरहून नांदेड ईशान्येला, सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर. ऐकणारा तिथेच बसला आहे हे ठाऊक असेल, तर यागी उत्तम. पण संकटात हाक कोण ऐकेल हे कुठे ठाऊक असते? शिवाय ७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ४३ मीटर. म्हणजे यागीची एकेक दांडी २० मीटरची आणि वर उंच मनोरा! त्याऐवजी तेवढीच तार झाडांना कमी उंचीवर आडवी बांधली, तर लहरी बव्हंशी वर जातात. दिवसा त्या आयनांबरावरून परततात आणि भोवतालच्या काहीशे किलोमीटरांत पोचतात, डोंगर आड आला तरीही.

वर्गात विजेरीचा परावर्तक काढून भिंतीवरचा उजेड पाहू या. कुठे कमी झाला? कुठे वाढला? निवडीचे उत्तर तिथेच मिळेल.