तांब्याची तार कोणाची?

हक्क कागदावर मिळणे आणि हक्क हातात येणे यांत किती अंतर असते, हे आम्हाला महाडने शिकवले. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. तरीही 20 मार्च 1927 पर्यंत अस्पृश्यांची ओंजळ त्या पाण्याला लागली नव्हती. ठराव होता, पण काठावर पहारा जुन्याच मालकांचा होता.

टेलिफोनच्या तारेची तुलना तळ्याशी होऊ शकत नाही. तिथे प्रश्न माणूसपणाचा होता. पण सार्वजनिक साधनावर बसलेला मक्तेदार कायद्याला कसा गुंगारा देतो, हे समजून घ्यायला तारेचा इतिहास उपयोगी आहे, आणि तो आपल्या पोटापाण्याशी जोडलेलाही आहे.

आधी ब्रिटन पाहू. तिथले टेलिफोन जाळे 1912 पासून पोस्ट खात्याकडे, म्हणजे सरकारकडे होते. एक्स्चेंजपासून घराघरापर्यंत गेलेली तांब्याची जोडतार जनतेच्या पैशातून टाकली गेली. 1984 मध्ये थॅचर सरकारने ब्रिटिश टेलिकॉमचे निम्म्याहून अधिक समभाग विकले. सरकारी मक्तेदारी गेली आणि तिच्या जागी खाजगी मक्तेदारी आली. दुसरी कंपनी नवी एक्स्चेंजेस उभारू शकत होती, पण प्रत्येक घरापर्यंत पुन्हा रस्ता खोदून तार टाकणे कोणालाच परवडत नव्हते. ज्याच्या हातात शेवटची तार, त्याच्या हातात ग्राहक!

म्हणून नियम आला की जुन्या कंपनीने आपली तार ठरावीक भाड्याने प्रतिस्पर्ध्यांना वापरू द्यावी. प्रतिस्पर्ध्याने एक्स्चेंजच्या इमारतीत आपले यंत्र बसवायचे, ग्राहकाची तार त्याला जोडायची आणि सेवा द्यायची. युरोपीय संघाचा तसा कायदा जानेवारी 2001 पासून लागू झाला. प्रत्यक्षात काय घडले? कधी एक्स्चेंजमध्ये जागा नाही, कधी भाडे जास्त, कधी तार जोडायला विलंब. कंटाळून अनेक कंपन्यांनी माघार घेतली आणि पुढची काही वर्षे हा नियम जवळजवळ कागदावरच राहिला. दार उघडा असा हुकूम होता, पण किल्ली ज्याला दार बंद ठेवण्यात फायदा त्याच्याच खिशात होती.

बदल झाला तो 2005 नंतर. नियामक ऑफकॉमने दबाव आणला आणि बीटीला लेखी बांधिलकी द्यावी लागली. तारांचे जाळे सांभाळणारा विभाग वेगळा काढायचा, आणि त्याने बीटीला जी वागणूक द्यायची तीच प्रतिस्पर्ध्यालाही द्यायची. जानेवारी 2006 मध्ये ओपनरीच हा विभाग सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस खुल्या झालेल्या तारांची संख्या दहा लाखांवर गेली. कायदा तोच होता, पहारेकऱ्याची जागा बदलली होती.

आता भारत. आपल्याकडे तार सरकारी होती: दिल्ली-मुंबईत एमटीएनएल आणि उर्वरित देशात 1 ऑक्टोबर 2000 पासून बीएसएनएल. एप्रिल 2004 मध्ये ट्रायने ब्रॉडबँड वाढवण्यासाठी ही तार इतर कंपन्यांना खुली करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने ती सक्ती नाकारली आणि कंपन्यांनी आपसात करार करावेत, असे म्हटले. 2010 पर्यंत 2 कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे लक्ष्य त्याच धोरणात होते. प्रत्यक्षात 2010 संपताना आकडा सव्वा कोटीच्याही खाली होता.

2010 मध्ये सॅम पित्रोदा समितीने पुन्हा तार खुली करण्याची शिफारस केली. पण सोबत निर्गुंतवणूक आणि मोठी कर्मचारी कपातही सुचवली. एप्रिल 2010 मध्ये कर्मचारी संघटनांनी संप केला. त्यांची भीती खोटी नव्हती. बीएसएनएलच्या नोकरीत आरक्षण होते. खेड्यातल्या, वस्तीतल्या कित्येक घरांत पहिला कायम पगार अशाच सरकारी नोकरीतून आला. तार वापरायला येणाऱ्या खाजगी कंपन्यांवर आरक्षणाचे कोणतेही बंधन नव्हते.

मग तार बंद ठेवून नोकऱ्या वाचल्या का? नाही! तारेत गुंतवणूक झाली नाही, ती जमिनीत कुजत राहिली आणि ग्राहक मोबाईलकडे गेला. जानेवारी 2020 अखेर बीएसएनएलचे सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने एकाच वेळी बाहेर पडले, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या जवळपास निम्मे. त्यांच्याबरोबर राखीव जागाही गेल्या. आज बाजार मोजक्या खाजगी कंपन्यांच्या हातात आहे, आणि त्यांच्या भरतीत सामाजिक न्यायाचा रकाना नाही.

आमच्या काही मित्रांना वाटते, स्पर्धा आली की जात आपोआप गळून पडते. काहींना वाटते, सरकारी शिक्का असला की समाजवाद आला. इतिहास दोघांनाही खोटे ठरवतो. बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली आणि ती संविधानातच लिहावी असा आग्रह धरला. मालकी जनतेची असावी, आणि तिची हमी बहुमतातल्या सरकारच्या मर्जीवर नसावी, असा त्याचा अर्थ आहे.

तार सार्वजनिक मालकीची ठेवून, समान अटींवर भाड्याने देऊन, ते भाडे जाळे सुधारण्यात आणि कायम, राखीव नोकऱ्यांत घालणे शक्य होते. तो तिसरा रस्ता आपल्याकडे गांभीर्याने चाललाच गेला नाही.

तांब्याचे दिवस संपले, प्रश्न संपला नाही. भारतनेटची फायबर तार आज जनतेच्या पैशातून ग्रामपंचायतीपर्यंत जाते आहे. ती कोण, कोणत्या भाड्याने वापरणार? ग्रामपंचायतीपासून बौद्धवाडीपर्यंतचा शेवटचा टप्पा कोण जोडणार? तिच्या देखभालीचे काम कायम आणि राखीव असणार की ठेकेदाराच्या खिशात जाणार? हे प्रश्न ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा, माहिती अधिकारात विचारा. तळे खुले झाल्याचा ठराव वाचून आपले पूर्वज घरी बसले नव्हते. ते चालत तळ्यापर्यंत गेले होते.

जय भीम!